आधी दुरुस्ती, मग हौस

जुनी मारुती ८०० लाखाच्या आत मिळते, गल्लीतला कुठलाही मेकॅनिक ती उघडू शकतो आणि पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. म्हणून गाडी ‘बनवून घेण्याची’ हौस असलेल्यांची सुरुवात बरेचदा हिच्यापासून होते. १९८३ साली आलेल्या या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण ८०० सुद्धा आज दहा वर्षांपलीकडची. पैसे कुठे घालायचे, हे या वयावरून ठरायला हवं. ठरतं मात्र अलॉय व्हीलच्या दुकानात!

दिव्यांचंच घ्या. हेडलाइट मंद वाटतो, म्हणून ६०/५५ वॅटचा बल्ब काढून १००/९० चा बसवतात. १२ व्होल्टवर मूळचे दोन बल्ब अप्परला १० अँपिअर ओढतात. नवे दोन जवळपास १७. रिले नसलेल्या जुन्या गाडीत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. तारा तापतात, स्विचचं प्लास्टिक वितळतं. गंमत म्हणजे दोष बरेचदा बल्बचा नसतोच. गंजलेलं अर्थिंग आणि काळवंडलेले कनेक्टर वाटेतच व्होल्टेज खातात. होल्डरपाशी बाराऐवजी साडेदहा व्होल्ट पोचले, तरी उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. दिवे लावून होल्डरवर मल्टिमीटर धरला की हे लगेच कळतं. अर्थिंग घासून साफ करा, बॅटरीवरून फ्यूजसकट वेगळी तार आणून रिले टाका. मूळ बल्बच लख्ख पेटेल.

चाकांची हौस त्याहून महाग पडते. १४५/७० आर १२ च्या जागी १५५/६५ आर १३ बसवला, तर टायरचा व्यास पावणेपाच टक्क्यांनी वाढतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ६३ ने पळत असते. त्याहून रुंद टायर घातले की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं आणि पूर्ण वळवल्यावर चाक आत घासतं. स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली बसवणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा. उरलेली स्प्रिंग कडक होते, शॉकअ‍ॅब्सॉर्बर मात्र जुनाच, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुमची उंची विचारून बांधलेले नाहीत.

आवाजी सायलेन्सरबद्दल फार लिहायला नको. ३७ अश्वशक्तीच्या इंजिनात त्याने भर पडते ती मुख्यतः गोंगाटाची.

हेच पैसे लोअर आर्मचे बुश, ब्रेकचे होज आणि ब्रेक ऑइल यांवर घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावलेलं १४० च्या आसपासच. घाटात उतरताना हा फरक पायाखाली कळतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएनजी किट चालतं, पण त्याची आरसीवर नोंद लागते. पंधरा वर्षांनी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, गाडी तपासणीला न्यावीच लागते. तेव्हा काढलेला मूळ पार्ट भंगारात देऊ नका. पासिंगच्या दिवशी तोच शोधत फिराल.