जुनी गाडी, म्हातारे हात

दिवाळीच्या सुट्टीत घरी बुऱ्हाणपूरला गेले तेव्हा आजोबा अंगणात पद्मिनीचं बॉनेट उघडून उभे होते. इंजिन सुरू होतं. मला बघताच म्हणाले, "बॅग ठेव आणि इकडे ये. टॅपेट वाजतोय का बघ." मी कान दिला. "वाजतोय की आजोबा. टिकटिक टिकटिक, चांगला स्पष्ट." ते काहीच बोलले नाहीत. चावी फिरवून इंजिन बंद केलं, फडक्याला हात पुसले आणि घरात गेले. तो आवाज त्यांना वर्षभर ऐकूच येत नव्हता, हे मला रात्री आईने सांगितलं.

आजोबा शहात्तर वर्षांचे आहेत. कापड गिरणीत फिटर होते. निवृत्तीनंतर जुनी गाडी दुरुस्त करत बसणं हा त्यांचा छंद. सकाळी चहा, पेपर आणि मग गाडी. ऊन चढलं की काम बंद. विंटेज कार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजेमहाराजांच्या रोल्स रॉइस आणि मुंबईच्या रॅलीतले फेटेवाले मालक येतात. पण या छंदाची दुसरी बाजू अगदी घरगुती आहे. कुणा निवृत्त माणसाची फियाट, ॲम्बॅसॅडर, लॅम्ब्रेटा किंवा जुनी जीप आणि तिच्याभोवती जाणारी त्याची सकाळ. म्हातारपणी हे काम का जमतं आणि कुठे जमेनासं होतं, ते मला इथे सांगायचंय. जमेनासं होण्याबद्दल जरा जास्तच, कारण आमच्या घरात सध्या वाद त्यावरूनच आहे.

आधी गाडीबद्दल. आमच्या पिढीला पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, तीही बहुतेक सिनेमात पाहिलेली. मूळची ती इटलीची फियाट 1100. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाजं आणि विमानं यांच्या जोडीने मोटारींचाही उद्योग उभारला. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी 1944 ची, कारखाना कुर्ल्यात. तिथे 1964 पासून ही गाडी 'फियाट 1100 डिलाइट' नावाने बनायला लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या बाजूला. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पद्मिनीचे दिवस फिरले. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदलेली होती, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. आजोबांना मात्र वेगळीच काळजी लागली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक होतं. आता कोण बनवणार?

आमची गाडी 1986 ची, आजोबांनी सेकंडहँड घेतलेली. कुर्ला आणि बुऱ्हाणपूर एकाच मध्य रेल्वेच्या मार्गावर, त्यामुळे कुणी मुंबईला निघालं की आजोबांची यादी त्याच्या खिशात जातेच.

म्हाताऱ्या माणसाला अशी गाडी का जमते? कारण ती डोळ्यांना दिसते. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण, आणि बिघाड काय आहे ते सांगायला स्कॅनर लागतो. पद्मिनीत पेट्रोल कुठून येतं, हवेत कुठे मिसळतं, ठिणगी कुठे पडते, हे सगळं बोट ठेवून दाखवता येतं. कार्बोरेटर म्हणजे शेवटी हवेच्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल वर खेचणारं भांडं. त्यात कॉम्प्युटर नाही, म्हणून ते स्वतःहून काही सुधारत नाही. पण माणसाने स्क्रू अर्धा आटा फिरवला तर लगेच उत्तर देतं. आणि काम अर्ध्यावर सोडता येतं. आज प्लग काढले, उद्या घासले, परवा बसवले, काही बिघडत नाही. उलट गाडी सुरू झाली की गल्लीतले दोन-चार लोक येऊन उभे राहतातच. आजी गेल्यानंतर आजोबांशी रोज कुणीतरी बोलतं ते या बॉनेटमुळे, असं माझं मत आहे.

पण शरीराचं काय? आजोबांनी तीस-एक वर्षं मागांच्या खडखडाटात काढली. सततच्या मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच, टोकदार आवाज. वयही नेमके तेच आवाज नेतं. म्हणून आजोबांना इंजिनाची घरघर ऐकू येते, टॅपेटची टिकटिक नाही. कानाचं मशीन आहे, पण इंजिनापाशी ते काढून ठेवतात, कारण पंख्याचा आवाजही त्यात वाढतो. जुने मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडावर. आजोबांनी तेही करून पाहिलं. पण आतल्या पेशीच गेल्या असतील तर हाडातून आलेला आवाज तरी कोण ऐकणार?

आणि हा आवाज साधा नसतो. इंजिनातल्या व्हॉल्व्हना वर-खाली करणारा दांडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की वाढतो. फट जास्त झाली तर टिकटिक होते. कमी झाली तर आवाज अजिबात येत नाही, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि तापून जळतो. म्हणून वाजणारा टॅपेट बरा, गप्प बसलेला वाईट, असं आजोबा म्हणतात. आता ज्या माणसाला दोन्ही सारखेच गप्प वाटतात, त्याने काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कामाला लावलं. इंजिन थंड होतं. प्लग काढले, गाडी टॉप गिअरला टाकली, आणि मी मागून जरा जरा ढकलायचं म्हणजे इंजिन हळूहळू फिरतं. व्हॉल्व्ह पूर्ण मिटला की आजोबा हात वर करायचे, मी थांबायचं. मग फटीत फीलर गेजचं पातं घालायचं. पात्यावरचे आकडे त्यांना भिंगातूनही धड दिसत नाहीत, पण पातं दोन बोटांत धरून कोणतं आहे ते सांगतात. मी दोनदा तपासलं, दोन्हीदा बरोबर. "पातं आत गेलं पाहिजे, पण ओढताना किंचित धरलं पाहिजे," ते म्हणाले. किंचित म्हणजे किती? मी विचारलं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्याच हाताने पातं ओढलं. "एवढं." मग स्क्रू थोडा सैल करून पुन्हा ओढलं. "हे नको." असं आठ व्हॉल्व्हना केलं. सहाव्यापासून त्यांनी मनगट धरायचं सोडलं.

शेजारच्यांची नावं, औषधाच्या वेळा, काल कोण आलं होतं, हे आजोबा हल्ली विसरतात. पाना कुठल्या नटाला किती आवळायचा हे विसरत नाहीत. सरावाने हातात बसलेल्या गोष्टींची स्मृती नावं-तारखांच्या स्मृतीपेक्षा जास्त टिकते. पोहणं, सायकल, विणकाम तसंच हे. पण अडचण अशी की ही स्मृती तोंडाने सांगता येत नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी, मला वाटलं वहीत लिहून घेतलं की झालं. वहीत शब्द छान जमले: डिस्ट्रिब्यूटरला डेल्को, कार्बोरेटरला काबरेटर, गाडीखाली लावायच्या स्टँडला घोडी. 'किंचित'पुढची जागा मात्र अजून रिकामी आहे.

घोडीवरून आठवलं. मागच्या पावसाळ्यात चाक काढताना जॅक ओल्या फरशीवर सरकला आणि गाडी खाली बसली. आजोबा नुकतेच बाजूला झाले होते. घोडी लावलेली नव्हती. "दोन मिनिटांचं तर काम होतं," असं म्हणाले. तरुण माणूस गाडीखालून झटकन सरकतो, शहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना कूस बदलायलाच वेळ लागतो. शिवाय ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात, म्हणजे बोट कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. पप्पांनी त्या दिवशी जेवण सोडलं आणि "गाडी विकून टाकू" हे पहिल्यांदा बोलले.

पप्पांचं सगळंच चूक नाही. या गाडीत एअरबॅग नाहीत, पॉवर स्टीअरिंग नाही, ब्रेक दाबायला पाय भक्कम लागतो. वयाने डोळ्यांना रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास जास्त होतो. इच्छापूर–इंदूर रस्त्यावर ट्रकांची रांग असते. म्हणून सध्या तह असा झालाय: रात्री नाही, हायवे नाही, फक्त रविवारी सकाळी शनवाऱ्याची गर्दी व्हायच्या आत मिस्सेला जाऊन परत. आणि घोडी लावल्याशिवाय, घरात दुसरं माणूस असल्याशिवाय गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. पप्पांना हे कमी वाटतं, आजोबांना जास्त. मला बरोबर वाटतं.

गाडीचंही वय बोलतंच. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तेव्हा पंपातच पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी भर चौकात बंद पडते. यावर अख्ख्या देशातल्या फियाटवाल्यांचा एकच उपाय, पंपावर ओलं फडकं. नवा त्रास इथेनॉलचा आहे. 2025 मध्ये देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पोहोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, जुन्या रबरी नळ्या आणि पडदे खराब करतं, आणि गाडी उभी राहिली तर टाकीत गंज वाढतो. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल कमी पडल्यासारखं होतं. नवी गाडी ते ओळखून सांभाळून घेते, कार्बोरेटरला कळत नाही. आजोबांनी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवल्यात, जेट किंचित मोठा केलाय (पुन्हा ते किंचित!) आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवायचीच असा नियम केलाय. उभी राहिली की बिघडते हे गाडीबद्दल म्हणतात, गुडघ्यांबद्दल डॉक्टर म्हणतात.

राहिला कायदा. अनेकांना वाटतं जुनी गाडी ठेवणंच बेकायदा आहे. तसं नाही, दिल्ली परिसराचे नियम वेगळे, ते आपल्याकडे लागू नाहीत. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्या वेळी गाडी तपासतात. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 मध्ये दहा हजार रुपये झाली. विंटेजची सरकारी व्याख्या 2021 ची आहे: पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते, पहिली नोंदणी वीस हजारांची, आणि रोजच्या वापराला ती चालत नाही. आमची पद्मिनी त्यात बसायला 2036 उजाडेल. आजोबा तेव्हा सत्त्याऐंशीचे असतील. हा हिशोब मी त्यांच्यासमोर केला नव्हता, पण त्यांनी तो आधीच करून ठेवला होता.

पुढच्या वर्षी, 2026 मध्ये, गाडीच्या नोंदणीची मुदत संपते आणि आजोबांच्या लायसन्सचीही. पंचावन्नच्या पुढे लायसन्स एका वेळी पाचच वर्षांचं मिळतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. पप्पा म्हणतात, हीच वेळ आहे. आजोबा म्हणतात, "गाडी पास झाली तर ठेवू. मी पास झालो तर चालवू." आणि गाडी पास झाली, तुम्ही नाही, तर? असं मी विचारलं नाही. त्यांनीच माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं लायसन्स निघालं का गं?"

नाही निघालं. लर्निंगचा फॉर्म भरलाय. नाताळच्या सुट्टीत मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर उघडायचेत. जमिनीवर मी झोपणार, ते खुर्चीत बसून सांगणार. दोन घोड्या मी पप्पांकडून विकत घेऊन ठेवायला सांगितल्यात, आणि कानाचं मशीन लावून बसायचं आजोबांनी कबूल केलंय.