जिरायत गव्हाची ओंबी

रब्बीच्या जिरायत गव्हाला जमिनीत मुरलेल्या ओलीवरच बहुधा सारा हंगाम काढावा लागतो. आणि ती ओल सरत आली म्हणजे रोपात तयार होणाऱ्या ॲब्सिसिक आम्लाच्या इशाऱ्याने पर्णरंध्रे मिटतात, पाणी वाचते, परंतु त्याच दारांनी आत येणारा कर्बवायूही अडतो, आणि सूर्यप्रकाश विपुल असूनही प्रकाशसंश्लेषण मंदावते. विनियोगावाचून उरलेली प्रकाशशक्ती मग हरितद्रव्यालाच उपद्रव करते.

खरा घात होतो तो ओंबी बाहेर पडल्यावर. दाण्यात चीक भरण्याच्या त्या दिवसांत अन्नाचा मोठा पुरवठा सर्वांत वरच्या पानाकडून आणि हिरव्या कुसळांसह स्वतः ओंबीकडून होत असतो. तो आटला म्हणजे काडीत पूर्वी साठलेली शर्करा दाण्यांकडे वळते खरी, पण ती पुरी पडत नाही आणि दाणा सुरकुतलेला, हलका राहतो. फुलोऱ्यापूर्वीच ओल तुटली, तर दाण्यांची संख्याच घटते.

म्हणूनच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हाचे मोल मला विशेष वाटते. जिरायतीसाठी शिफारस झालेला हा वाण सुमारे १०० ते १०५ दिवसांत पक्व होतो, म्हणजे ओल संपून ऊन चढण्यापूर्वीच दाणा भरून घेतो. शिवाय त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने असतात.