देवघरातला शाळिग्राम आणि समुद्रातला नॉटिलस



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या देवघरात शाळिग्राम असतो. काळा गुळगुळीत दगड आणि त्यात चक्र. हे विष्णूचे सुदर्शन चक्र, अशी आपली श्रद्धा. शास्त्रज्ञ सांगतात की नेपाळमधल्या काली गंडकीत सापडणारा हा दगड म्हणजे ॲमोनाइट या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात हे शंख गाडले गेले.

स्कॉटलंडमध्येही ॲमोनाइट सापडतात. क्रोमार्टीजवळच्या ईथीच्या किनाऱ्यावर ह्यू मिलर या पाथरवटाने ते गोळा केले. पुढे तो एडिनबरात वर्तमानपत्राचा संपादक झाला आणि १८५६ साली पोर्टोबेलोला वारला. त्याचा जीवाश्मसंग्रह आपल्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. इंग्लंडमध्ये व्हिटबीचे लोक तर यांना संत हिल्डाने दगड केलेले साप मानत!

ॲमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर संपले. तशाच शंखाचा नॉटिलस मात्र हिंदी-प्रशांत महासागरात आजही आहे. त्याच्या शंखात कप्पे असतात. प्राणी वाढला की मागे पडदा घालून पुढच्या, मोठ्या कप्प्यात राहतो. सगळ्या कप्प्यांतून जाणारी एक नळी आतले पाणी शोषून घेते, तिथे वायू भरतो आणि पाणबुडीसारखा हा प्राणी तरंगतो. साधारण ८०० मीटरच्या खाली मात्र पाण्याच्या दाबाने शंख फुटतो.

गंमत म्हणजे दिसायला सारखे असले तरी ॲमोनाइटचे जवळचे नाते नॉटिलसशी नाही, आपल्या कोकणातल्या माकुळाशी आहे!

मग नॉटिलस का वाचला? एक मत असे, की ॲमोनाइटची पिल्ले अगदी बारीक आणि पृष्ठभागाजवळ वाढणारी होती. तिथले अन्न संपले आणि ती गेली. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्ले खोल पाण्यातली.

पण तेव्हा उपयोगी पडलेली हीच रीत आज त्याच्या मुळावर आली आहे. अंडी थोडी आणि वयात यायला दहा-पंधरा वर्षे, त्यामुळे शोभेच्या शंखांसाठी पकडलेल्यांची भरपाई होत नाही. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. तेव्हा सुट्टीत कुठे असा सुंदर शंख विकायला दिसला, तर घेऊ नका.

शंख बघायचाच असेल तर मुलांना घेऊन चेंबर्स स्ट्रीटच्या संग्रहालयात जा. प्रवेश मोफत आहे. आणि घरी आल्यावर त्यांना आजीचा शाळिग्राम जरूर दाखवा!