अस्थिसंख्या आणि अस्थिधातू

मानवी शरीरात हाडे किती, या प्रश्नाला ग्रंथपरंपरेत एकच उत्तर मिळत नाही. चरकसंहिता ३६० अस्थी सांगते; याज्ञवल्क्यस्मृतीतही तीच संख्या येते. सुश्रुतसंहिता या मताची नोंद घेऊन शल्यतंत्रापुरती ३०० ही संख्या स्वीकारते. आधुनिक शरीररचनाशास्त्र प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे मोजते. ही तफावत प्राचीनांच्या निरीक्षणदोषात जमा करण्याचा मोह भाषांतरकाराला होतो. वस्तुतः ‘अस्थी’ आणि आजचे ‘हाड’ या संज्ञा समव्याप्त नाहीत.

चरकाच्या यादीत ३२ दात, त्यांची ३२ उखळे आणि २० नखे आहेत. या ८४ बाबी वगळल्या की २७६ उरतात. सुश्रुताने अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार केले. त्यांतील रुचक म्हणजे दात, तर नाक-कानातील तरुण अस्थी म्हणजे आजची कूर्चा. हर्नले यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात असेही दाखवले, की हाडांचे ठळक उंचवटे येथे स्वतंत्र अस्थी म्हणून मोजले गेले. शिवाय ३६० या संख्येला यज्ञविचाराची पार्श्वभूमी आहे: शतपथब्राह्मणात शरीरातील ३६० अस्थींचा मेळ अग्निचयनाच्या वेदीशी घातलेला आढळतो. सुश्रुताची दृष्टी मात्र शस्त्रवैद्याची. प्रेत मुंज इत्यादींनी वेढून वाहत्या पाण्यात ठेवावे आणि सात रात्रींनंतर कुंचल्याने हळूहळू घासून आतील अवयव पाहावेत, असे तो सांगतो. आधुनिक आकडाही वयनिरपेक्ष नाहीच. नवजात अर्भकात हाडांचे अधिक सुटे भाग असतात व ते पुढे जुळतात. त्रिकास्थी हे पाच मणके एकजीव होऊन बनते.

संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न हाडाच्या स्वरूपाचा आहे. देह अस्थींवर कसा उभा राहतो हे सांगताना सुश्रुताने वृक्षाच्या आतील साराचा, म्हणजे गाभ्याच्या कठीण लाकडाचा, दृष्टान्त दिला आहे. आधारकार्यापुरता तो चपखल आहे. कोरड्या हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त खनिजाचा, उरलेला मुख्यतः कोलॅजेन तंतूंचा. आम्लात ठेवून खनिज काढून टाकले तर हाड वाकवता येते. जाळून तंतू नष्ट केले तर ते ठिसूळ होते. काठिण्य खनिजाचे, चिवटपणा तंतूंचा.

परंतु गाभ्याच्या लाकडात जिवंत पेशी नसतात, हाडात असतात. घन हाडाच्या सूक्ष्म नलिकांतून रक्तवाहिन्या व चेतातंतू जातात. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. प्रौढाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलला जातो. भार पडेल तेथे हाड बळकट होते, भार सरला की विरळ होते. म्हणूनच अंतराळातील वास्तव्यात अंतराळवीरांची हाडे झिजतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम येथेच साठलेले असते आणि रक्तात ते कमी पडले की याच साठ्यातून काढले जाते. तांबड्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात, हे वेगळेच.

वृक्षसाराच्या दृष्टान्तात न मावणारी ही बाजू त्याच परंपरेतील सप्तधातूंच्या कल्पनेला अधिक जवळची आहे. तेथे अस्थी हा पाचवा धातू: मेदापासून पोसला जाणारा आणि मज्जेला पोसणारा. या क्रमाला आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचा आधार नाही. तरीही हाडाला पोषण लागते, हे त्यात गृहीत आहे. मराठीने रूढ केला तो मुख्यतः पहिला अर्थ. ‘हाडाचा शिक्षक’ म्हणताना जन्मजात, न बदलणारे असे काही अभिप्रेत असते. अशा प्रयोगांवरून प्राचीन ‘अस्थी’चा अर्थ लावू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती वृक्षाचे सार लागते, धातू निसटतो.