दगडी वाडा दुपारी गार का?

मे महिन्यात ओझरच्या रणरणत्या उन्हातून काळ्या दगडाच्या जुन्या वाड्यात शिरलं की हायसं वाटतं. नाशिकच्या पेशवेकालीन सरकारवाड्यातही तसंच. दगड मुळात थंड नसतो, आळशी असतो! जाड तव्यासारखा उशिरा तापतो, उशिरा निवतो. अर्धा मीटर जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत झिरपायला दहा-बारा तास लागतात. तोवर रात्र होते आणि गरम हवा उघड्या चौकातून वर निघून जाते.

पेशवाईच्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज राजांच्या काळात, १७१४ ते १८३० दरम्यान, दगडी घरं उभी राहिली. तिथे उन्हाचीच टंचाई, म्हणून खिडक्या उंच आणि काचेच्या. इथे त्यांची नक्कल म्हणजे भट्टीच.

तुमचं घर दगडी असेल तर खिडक्या दिवसा लावा, रात्री उघडा.