तळघरातली तालीम

खुर्चीत एक मुलगा ताठ बसलेला. दुसरा मागून त्याचे केस ओढतो, तिसरा नाही नाही ते बोलतो, चौथा त्याला खाली पाडतो. पडलेल्याने उठायचे, कपडे झटकायचे आणि पुन्हा जागेवर बसायचे. हे सगळे एकमेकांचे दोस्तच! अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात, एका चर्चच्या तळघरात 1959च्या उत्तरार्धात हा सराव चाले. शिकवणारे रेव्हरंड जेम्स लॉसन, नुकतीच तिशी ओलांडलेले. आपल्याकडे नाटकाची तालीम असते आणि कुस्तीचीही. ही दोन्ही होती.

लॉसन नागपुरात राहून गेलेले. कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगवास भोगून ते 1953मध्ये हिस्लॉप कॉलेजात आले. मेथॉडिस्ट मिशनरी म्हणून आलेला हा माणूस तिथे शिकवायचा, मुलांकडून खेळांचा सराव करून घ्यायचा आणि गांधींचा सत्याग्रह अभ्यासायचा. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत काळ्या लोकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार घातल्याची बातमी डिसेंबर 1955मध्ये त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. गांधींचे नाव निघाले की छाती फुगवायची आपल्याला घाई असते. मात्र 1956मध्ये याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, तो आपल्या घरच्या जातिभेदाचा हिशेब होता.

मायदेशी परतलेल्या लॉसन यांना 1957मध्ये ओबर्लिन कॉलेजात मार्टिन ल्यूथर किंग भेटले. किंग म्हणाले, दक्षिणेत या, आणि लगेच या. लॉसन दक्षिणेतल्या नॅशव्हिलला गेले.

दक्षिणेत वर्णभेदाचा व्यवहार मोठा हिशेबी होता. दुकानात काळ्या गिऱ्हाइकाचे पैसे चालत. वही घ्या, साबण घ्या. त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून सँडविच मागितले की मात्र मनाई. लेकरांना घेऊन बाजाराला आलेल्या बायकांना घटकाभर टेकायला जागा नसे. त्यांची ही तक्रार ऐकूनच लॉसन यांनी लढ्यासाठी लंच काउंटर निवडले.

13 फेब्रुवारी 1960. इस्त्रीचे कपडे घातलेले शंभरावर विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले. कोणी वाढले नाही, तशी पुस्तके उघडून अभ्यास करू लागले. 27 तारखेला टोळक्याने त्यांना बदडले, अंगावर पेटत्या सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्या 81 जणांना. पण एक तुकडी तुरुंगात गेली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसे. तळघरातल्या मेहनतीचे चीज इथे झाले. हातावर हात ठेवून मार खाणे हा संतांचा स्वभाव असेल. विशीतल्या पोरांना ते घटवावे लागते. लॉसन यांचे मोठेपण मला भाषणांपेक्षा या घटवून घेण्यात दिसते.

लॉसन तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते; मार्चमध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. काळ्या कुटुंबांनी ईस्टरची खरेदी बंद केली, दुकानांचा गल्ला आटला. 19 एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर डायनामाइट टाकले गेले. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा महापौर बेन वेस्ट यांच्या दारात गेला. डायन नॅश या विद्यार्थिनीने विचारले, केवळ रंगावरून माणसात भेद करणे बरोबर आहे का? वेस्ट यांनी चारचौघांत कबूल केले, नाही.

10 मेला सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. चित्रपटगृहांसाठी पुन्हा वेगळे लढावे लागले.

लॉसन जून 2024मध्ये, वयाच्या 95व्या वर्षी गेले. व्हँडरबिल्टने त्यांना 2006मध्ये प्राध्यापक म्हणून बोलावले, तेव्हा ते तिथे शिकवायला गेले होते.