‘चेक इंजिन’चा दिवा बंद आहे, म्हणजे गाडी ठीक आहे का?

मागच्या वर्षी गावी, म्हणजे हिवरा आश्रमला, घरच्यांसाठी सेकंड हँड हॅचबॅक घ्यायचं ठरलं. आईला दर महिन्याला उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला न्यावं लागतं. एसटी, मग रिक्षा, परत एसटी, हे आता तिला झेपत नाही. बजेट पावणेतीन लाख. त्यात निम्मे पैसे बाबांच्या सोयाबीनचे, त्यामुळे चुकीला जागा नव्हती.

पहिली गाडी २०१६ ची, पेट्रोल, तीन सिलिंडरची. रंग चकाचक, मीटरवर ४१ हजार किलोमीटर. बाबांना आवडली. मी खिशातून छोटा डोंगल काढला तेव्हा ते म्हणाले, “मोबाईलवर गाडी काय पाह्यतं रे, बोनट उघड.”

बोनटही उघडलंच. पण आधी डोंगलबद्दल सांगतो. भारतात एप्रिल २०१३ पासूनच्या कारमध्ये ओबीडी-२ ही व्यवस्था असते. इंजिनाचा कॉम्प्युटर (ईसीयू) सेन्सरवर सतत नजर ठेवतो आणि बिघाड दिसला की त्याचा कोड साठवतो. स्टीअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या आत १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल लावायचा, फोनशी पेअर करायचा (पिन बहुतेक वेळा १२३४ किंवा ००००) आणि टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप उघडायचं. साधा डोंगल काही शे रुपयांत मिळतो. आयफोन असेल तर ब्लूटूथ एलई किंवा वायफायवाला घ्या, जुना ब्लूटूथवाला त्यावर चालत नाही.

ॲप लावायच्या आधी एक फुकटची तपासणी करा. चावी ‘ऑन’ करा, पण इंजिन सुरू करू नका. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाच पाहिजे. इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी ऑन केल्यावर दिवा लागलाच नाही तर तो जळालाय किंवा कुणीतरी मुद्दाम बंद केलाय.

आमच्या गाडीत दिवा नीट लागला, नीट विझला. ॲपमध्ये कोड शून्य. बाबा टोकन द्यायच्या तयारीत! मग मी दोन गोष्टी बघितल्या. एक, ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ : ९ किलोमीटर. दुसरी, ‘रेडिनेस मॉनिटर’ : कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सर, दोन्ही ‘अपूर्ण’.

ईसीयू काही चाचण्या गाडी चालताना स्वतःच घेतो. कोड पुसले की या चाचण्यांचे निकालही पुसले जातात आणि गाडी पुरेशी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ राहतात. म्हणजे ‘कोड शून्य’चा अर्थ बिघाड नाही असाही होतो, किंवा परीक्षाच अजून झाली नाही असाही होतो. पाटी कोरी होती, एवढंच. (अंतराचा आकडा प्रत्येक गाडी देत नाही. मॉनिटर मात्र बघाच.)

मालक म्हणाला, “काल बॅटरी बदलली भाऊ.” हे खरं असू शकतं, बॅटरी काढल्यावरही बऱ्याच गाड्यांत हेच होतं. म्हणून भांडलो नाही. फक्त म्हणालो, चिखलीपर्यंत जाऊन येऊ, पेट्रोल माझं.

परत येताना ॲपमध्ये ‘पेंडिंग’ कोड आला, पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. दिवा अजून बंदच होता, कारण साधारणपणे तोच दोष पुढच्या फेरीतही दिसला तरच तो लागतो.

आता कोड म्हणजे निदान नव्हे, इथेच बरेच जण फसतात. मिसफायर प्लगमुळे होतो, कॉइलमुळे होतो, इंजेक्टरमुळे होतो किंवा सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेल्यामुळे होतो. पहिल्या दोन्हींचा खर्च झेपतो. शेवटचा म्हणजे इंजिन खोलणं. आमच्या मिस्त्रींनी पहिल्या सिलिंडरचे कॉइल आणि प्लग दुसऱ्यावर लावले. भाग खराब असता तर कोड त्यांच्याबरोबर सरकून पी०३०२ झाला असता. तो सरकला नाही. मग त्यांनी गेज लावून कॉम्प्रेशन मोजलं, पहिला सिलिंडर बाकी दोघांपेक्षा बराच खाली. बाबांनी टोकनचे पैसे परत खिशात ठेवले.

तसं तीन सिलिंडरची गाडी उभी असताना थोडी थरथरतेच, तेवढ्यावरून घाबरू नका. आणि गाडी बघायला सकाळी जा, मालकाला आधी चालू करू नको म्हणून सांगा. ॲपमध्ये कूलंटचं तापमान बघा. ‘सकाळपासून चालूच नाही केली’ म्हणतो आणि कूलंट ६० अंश दाखवतंय, तर थंड इंजिनाचा आवाज तुमच्यापासून लपवलाय.

मीटर मागे फिरवलाय का, हे असला स्वस्त डोंगल सांगत नाही. तिथे जुनी सर्व्हिस बिलं, पेडलचं रबर आणि टायर बघा. टायरवरच्या डीओटी मजकुराच्या शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सीएनजी किट असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली हवी.

कागदांचं काम एमपरिवहन ॲपवर पाच मिनिटांचं: कितवा मालक, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, चलनं किती. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. ‘नो क्लेम बोनस’ मात्र जुन्या मालकाचाच, तो गाडीबरोबर येत नाही.

शेवटी मेहकरला एक गाडी मिळाली. एमएच-२८ पासिंग, ७२ हजार किलोमीटर, मागच्या बंपरला खरचटलेलं. मॉनिटर सगळे ‘पूर्ण’, कोड पुसून हजारो किलोमीटर झालेले, बिलं फाईलला लावलेली. मिस्त्रींनी फक्त कूलंटचा एक होज बदलायला सांगितला.

डोंगल आता गाडीच्या कप्प्यात पडून असतो. सॉकेटला लावून ठेवत नाही, कारण गाडी बंद असतानाही तो बॅटरी खात राहतो.